विनोद, वास्तव आणि रुग्णालयाचे बिल

वैद्यकावरील विनोद वैद्यकाइतकाच जुना आहे, आणि त्या विनोदाला पैशाचे वावडे कधीच नव्हते. संस्कृत सुभाषितकारांनी वैद्याला यमाचा भाऊ ठरविले, ते यम केवळ प्राण नेतो आणि वैद्य प्राणांबरोबर धनही नेतो, या हिशेबाने. मोलियेरचे ‘ल मालाद इमाजिनेर’ हे अखेरचे नाटक १६७३ मध्ये पॅरिसच्या रंगभूमीवर आले. त्याचा पडदा वर जातो तेव्हा स्वतःच्या आजारपणाच्या प्रेमात पडलेला आर्गां एकटाच बसून औषधविक्याची बिले तपासत असतो. एकेका बस्तीची आणि एकेका काढ्याची आकारणी तो वाचतो आणि आपल्याच अधिकारात ती खाली उतरवितो. आजार खोटा आहे, बिल मात्र खरे आहे. त्या नाटकातील हास्याचा उगम या विसंगतीत आहे. पुढे १९०६ मध्ये बर्नार्ड शॉ यांनी ‘द डॉक्टर्स डिलेमा’ या नाटकात हाच धागा उचलला. पाय कापण्यात ज्याचा आर्थिक लाभ आहे त्याच्याच हाती पाय कापावा की कापू नये हा निर्णय सोपविणाऱ्या समाजव्यवस्थेवर त्या नाटकाच्या प्रस्तावनेचा सारा रोख आहे.

या परंपरेच्या पार्श्वभूमीवर अमेरिकेतील ‘स्क्रब्ज’ या दूरचित्रवाणी मालिकेचा विचार केला असता एक कुतूहलजनक प्रश्न उभा राहतो. बिल लॉरेन्स यांनी निर्माण केलेली ही विनोदी मालिका २ ऑक्टोबर २००१ रोजी एनबीसी वाहिनीवर सुरू झाली, पुढे एबीसी वाहिनीवर गेली, आणि तिचे नववे पर्व मार्च २०१० मध्ये संपले. या नऊ पर्वांत मिळून १८२ भाग झाले. सेक्रेड हार्ट या काल्पनिक रुग्णालयात उमेदवारी करण्यासाठी आलेला जॉन डोरियन ऊर्फ जे.डी., त्याचा शल्यविशारद होऊ पाहणारा मित्र टर्क, सहकारी एलियट रीड, अनुभवी परिचारिका कार्ला, तुसडा पण रोग्यांसाठी जीव टाकणारा डॉक्टर कॉक्स आणि रुग्णालयाचा वैद्यकीय प्रमुख बॉब केल्सो ही तिची मुख्य पात्रे. वैद्यकीय व्यवसायाचे इतके विश्वासू चित्रण दुसऱ्या कोणत्याही मालिकेत नाही, असे तिच्याविषयी वारंवार म्हटले गेले आहे. हे मत कितपत ग्राह्य आहे? आणि शुश्रूषेच्या बाबतीत ते ग्राह्य असेल, तर शुश्रूषेच्या मोबदल्याच्या बाबतीतही ते तितकेच ग्राह्य आहे काय?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर देताना वास्तव या शब्दाचे दोन अर्थ वेगळे केले पाहिजेत. एक वास्तव आकड्यांचे असते, दुसरे अनुभवाचे. आकड्यांच्या वास्तवाची मालिकेला फारशी पर्वा नाही. पहिल्या पर्वातील ‘माय ओल्ड लेडी’ हा भाग घ्यावा. रुग्णालयात येणाऱ्या दर तिघांपैकी एक रोगी तेथेच मरतो असे विधान त्यात आरंभीच केले जाते आणि तीन उमेदवार डॉक्टरांच्या वाट्याला तीन रोगी येतात. प्रेक्षक साहजिकच या तिघांपैकी कोण, असा अंदाज बांधू लागतो; भाग संपतो तेव्हा तिघेही मेलेले असतात. प्रत्यक्षात २०१० मध्ये अमेरिकेतील रुग्णालयांत दाखल झालेल्या रोग्यांपैकी सुमारे दोन टक्के तेथे मृत्यू पावले. म्हणजे मालिकेचे विधान वास्तवापासून फारच दूर आहे. परंतु ते विधान एखाद्या अहवालातले नाही. ज्याने कालपर्यंत मरण पुस्तकात वाचले आणि आज हाताने चाचपले अशा तरुणाच्या मनातले आहे. बरे होऊन घरी गेलेले अठ्ठ्याण्णव त्याच्या रात्रीच्या झोपेत येत नाहीत. गेलेले दोघे येतात.

अनुभवाच्या या वास्तवाशी मालिका विलक्षण प्रामाणिक आहे. पहिल्याच भागात एका रोग्याचे हृदय थांबल्याची सूचना होते. खोलीत प्रथम शिरणाऱ्या डॉक्टरने सूत्रे हाती घ्यायची असतात, म्हणून जे.डी. एका सामानाच्या खोलीत लपतो, तर तेथे एलियट आधीच लपलेली असते. हे दृश्य हास्यास्पद आहे आणि त्याच वेळी भयंकर आहे. अमेरिकन दूरचित्रवाणीवरील वैद्यकीय कथांनी हृदयाच्या पुनरुज्जीवनाचा केवढा चमत्कार करून ठेवला होता हे ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासावरून दिसते. त्या काळच्या तीन लोकप्रिय कार्यक्रमांत असे उपचार झालेल्या रोग्यांपैकी तीन-चतुर्थांश तत्काळ वाचत होते. जीवनात रुग्णालयातून चालत घरी जाणाऱ्यांचे प्रमाण त्याच्या जवळपासही नाही. ‘स्क्रब्ज’ने हा चमत्कार नाकारला. तिच्यातील छाती दाबणारे हात बहुधा हरतात, आणि हरल्यानंतर त्या हातांनी काय करायचे, हा तिचा खरा विषय आहे.

‘माय लंच’ हा २००६ मधील भाग या दृष्टीने मालिकेचा कळस मानावा लागेल. एका मृत स्त्रीचे अवयव तीन रोग्यांना दिले जातात. तिला अलर्क म्हणजे कुत्रे पिसाळल्याने होणारा रोग झाला होता हे उशिरा कळते आणि तिघेही दगावतात. या कथानकाला प्रत्यक्ष आधार आहे. २००४ मध्ये टेक्सासमध्ये एका दात्याकडून हा रोग संक्रमित होऊन यकृत आणि मूत्रपिंडे मिळालेले तीन रोगी व त्याच दात्याची रक्तवाहिनी बसविलेला चौथा रोगी मरण पावले. त्या घटनेत लक्षणे दिसण्यास काही आठवडे लागले; मालिकेत सारे काही अल्पावधीत उरकते. कालाचा हा संक्षेप नाट्याची गरज म्हणून क्षम्य आहे. कारण भागाचे सत्य कालगणनेत नसून कॉक्सच्या कोसळण्यात आहे: तिसऱ्या रोग्याला मूत्रपिंडासाठी आणखी काही काळ थांबता आले असते, घाई आपण केली, हे त्याला उमगते आणि तो मोडून पडतो. निर्णय त्या घटकेला बरोबर होता, फळ चुकीचे निघाले. या दोहोंतील अंतर सोसणे म्हणजेच वैद्यक, ही जाणीव एवढ्या थोड्या अवकाशात क्वचितच कोणी दिली असेल.

आता दुसरा प्रश्न. मालिकेत पैसा नाही असे कोणी म्हणू शकणार नाही. केल्सोच्या तोंडी तो सतत असतो; वकील टेड बकलंडच्या घामेजलेल्या चेहऱ्यावर तो असतो. मालिका सुरू झाली त्या २००१ साली अमेरिकेत सुमारे चार कोटी लोकांना कसलाही आरोग्यविमा नव्हता, आणि ही वस्तुस्थिती मालिकेने झाकली नाही. ‘माय टू डॅड्स’ या पहिल्या पर्वातील भागात कॉक्स विमा नसलेल्या एका रोग्यावरील उपचार नुकत्याच मेलेल्या दुसऱ्या रोग्याच्या विम्यावर घालतो, आणि केल्सो व कॉक्स या दोन वडिलधाऱ्यांच्या मध्ये जे.डी. सापडतो. कायद्याच्या भाषेत ही विमा-कंपनीची फसवणूक होय. मालिका तिच्याकडे सहानुभूतीने, एक सत्कृत्य म्हणून पाहते. या प्रसंगात नकळत एक मार्मिक सत्य सांगितले गेले आहे. बिल शरीराला चिकटत नाही, कागदावरील नावाला चिकटते. शरीर मेले तरी नावाचा विमा काही क्षण जिवंत असतो, आणि शरीर जिवंत असूनही नावामागे विमा नसेल तर हिशेबाच्या दृष्टीने ते अस्तित्वातच नसते.

परंतु मालिका या सत्याच्या उंबरठ्यावरूनच परत फिरते. अमेरिकेतील बिल ही वस्तू काय आहे हे येथे थोडे स्पष्ट केले पाहिजे, कारण भारतीय वाचकाच्या डोळ्यांपुढे बिल म्हटले की एक खिडकी येते: आत रोखपाल, बाहेर हातात पिशवी घेतलेला रोग्याचा भाऊ किंवा मुलगा, आधी डिपॉझिट आणि मग खाट. आपल्याकडे पैसा रोग्याच्या आधी दारात उभा असतो. अमेरिकेत तो मागाहून टपालाने येतो. १९८६ च्या कायद्यानुसार तातडीच्या विभागात आलेल्या रोग्याची ऐपत न पाहता त्याची तपासणी करणे आणि प्रकृती स्थिर करणे रुग्णालयावर बंधनकारक आहे. पैशाचा विचार त्यानंतरचा. प्रत्येक उपचाराला एक सांकेतिक अंक असतो, प्रत्येक रुग्णालयाची स्वतःची एक छापील दरसूची असते, आणि त्या सूचीतील दर विमा-कंपनी सहसा देत नाही; ती वाटाघाटीने ठरलेला निराळा दर देते. मूळ दराची झळ पोहोचते ती बहुधा ज्याच्यामागे वाटाघाट करणारे कोणी नाही अशा विमाहीन रोग्याला. त्यातही रुग्णालयाचे बिल वेगळे, भूल देणाऱ्याचे वेगळे, क्ष-किरण वाचणाऱ्याचे वेगळे. रुग्णालय विम्याच्या यादीतले, पण भूल देणारा यादीबाहेरचा, या कारणाने येणाऱ्या अनपेक्षित बिलांना आळा घालणारा कायदा १ जानेवारी २०२२ पासून, म्हणजे मालिकेची पहिली नऊ पर्वे संपल्यानंतर जवळजवळ बारा वर्षांनी, अमलात आला.

या साऱ्या यंत्रणेपैकी ‘स्क्रब्ज’मध्ये काय दिसते? केल्सो दिसतो. म्हणजेच मालिकेने पैशाला माणूस केले. विनोदी नाट्याची ही अपरिहार्य प्रवृत्ती आहे. हसण्यासाठी चेहरा लागतो, आणि दरसूचीला चेहरा नसतो. मोलियेरने औषधविक्याचे बिल रंगभूमीवर आणले ते आर्गांसारखा वाचणारा त्याला सापडला म्हणून. ‘स्क्रब्ज’मध्ये बिल वाचणारा कोणी नाही, बिलाच्या बाजूने बोलणारा मात्र आहे.

या मर्यादेतही मालिकेने एकदा फार मोठी झेप घेतली. ‘माय जिगली बॉल’ या २००६ मधील भागात एका नव्या औषधाच्या चाचणीत एकाच रोग्याला जागा आहे आणि दावेदार दोन आहेत: एक धनवान, दुसरा निर्धन. केल्सो धनवानाला निवडतो. निर्धन रोगी मरतो आणि कॉक्स संतापाने पेटतो. मग उलगडते ते असे की, पैशाअभावी गर्भवती स्त्रियांसाठी असलेला विभाग केल्सोला बंद करावा लागला होता आणि धनिकाच्या देणगीने तो पुन्हा उघडतो. शॉच्या नाटकाशी असलेले याचे साम्य उघड आहे. तेथेही क्षयरोगावरील उपचारात एकाच रोग्याला जागा असते आणि प्रतिभावान पण नीतिशून्य चित्रकार व सज्जन पण सामान्य गरीब डॉक्टर यांतून एकाला निवडायचे असते. पण फरक साम्याहून अधिक बोलका आहे. शॉचा रिजन माणसांची किंमत करतो, आणि चित्रकाराच्या पत्नीविषयीचा मोह त्या तराजूत गुपचूप बोट घालतो. केल्सो माणसांची किंमत करीतच नाही. एका समोरच्या मरणाविरुद्ध त्याने न पाहिलेल्या अनेक बालकांचा जन्म तो तोलतो, आणि तो निर्णय कोणालाही न समजावता घरी जातो. दुष्ट मानलेल्या माणसाच्या खांद्यावर व्यवस्थेने किती ओझे ठेवले आहे याचे असे दर्शन विनोदी मालिकेत अपेक्षित नसते.

तथापि येथेच एक शंका घेतली पाहिजे. हा उदात्त प्रसंग पाहताना प्रेक्षक हळहळतो, केल्सोविषयी आदर बाळगतो आणि शांत होतो. गर्भवतींचा विभाग एका धनिकाच्या देणगीवर का अवलंबून असावा, हा प्रश्न त्या हळहळीत विरून जातो. व्यवस्थेचा दोष एका माणसाच्या दुःखात रूपांतरित झाला की तो सुंदर होतो. सुंदर झाला की सहन होतो. आठव्या पर्वाच्या आरंभी ही प्रवृत्ती अधिक उघडी पडते. केल्सोच्या जागी आलेली डॉक्टर मॅडॉक्स केवळ नफ्याकडे पाहते. तिला घालविण्यासाठी जुने शत्रू कॉक्स आणि केल्सो एकत्र येतात, ती जाते आणि रुग्णालय सुटकेचा निःश्वास टाकते. जणू बिल तिच्याबरोबर निघून गेले! पुढे कॉक्स स्वतः प्रमुख होतो आणि ज्या खुर्चीवर तो वर्षानुवर्षे थुंकत आला तिच्यावर बसून तेच अंदाजपत्रक त्याला चाळावे लागते. या विडंबनात मालिकेची खरी बुद्धी दिसते. माणूस बदलला तरी खुर्ची तीच राहते, हे तिला कळलेले आहे. पण ते कळणे ती शेवटपर्यंत नेत नाही.

बिलाची अनुपस्थिती सर्वांत सूक्ष्मपणे जाणवते ती जेथे त्याची आठवणही होत नाही तेथे. ‘माय ओल्ड लेडी’मधील वृद्धा कृत्रिम मूत्रपिंडाचा उपचार नाकारते. आपले आयुष्य पुरेसे झाले, असे ती शांतपणे सांगते आणि भांबावलेल्या तरुण डॉक्टरलाच धीर देते. हा नकार इतका निर्मळ वाटतो, कारण त्यात पैशाचा लवलेश नाही. पण तो का नाही? अमेरिकेत १९६५ पासून वृद्धांना सरकारी विमा आहे, आणि १९७२ च्या कायद्याने मूत्रपिंड निकामी झालेल्या बहुतेक सर्वांनाच, वय कोणतेही असो, त्या विम्याचे छत्र मिळाले. असे संरक्षण इतर बहुतेक रोगांना लाभलेले नाही. म्हणजे वृद्धेचे ते स्वातंत्र्य, मरणाकडे केवळ मरण म्हणून पाहण्याची ती मुभा, एका कायद्याने आधीच विकत घेऊन ठेवलेली आहे. हीच स्त्री चाळीस वर्षांची, विमाहीन आणि कर्करोगाने ग्रस्त असती, तर तिच्या नकारातील तत्त्वज्ञान किती आणि हिशेब किती हे तिलाही सांगता आले नसते. ‘माय लंच’मधील तीन प्रत्यारोपणांचेही तसेच. अवयवासाठीच्या यादीत नाव जाण्यापूर्वी रोग्याच्या आर्थिक स्थितीची छाननी होते. मालिकेत तिचा उच्चार नाही. कॉक्सच्या अपराधभावनेला जागा मिळावी म्हणून हिशेबाला बाहेर थांबावे लागले आहे.

यावर एक सबळ आक्षेप येऊ शकतो, आणि त्याचा आदर केला पाहिजे. ही मालिका जे.डी.च्या डोळ्यांनी पाहिलेली आहे. भागांची नावेही बहुतांशी ‘माझा’, ‘माझी’, ‘माझे’ अशा अर्थाच्या शब्दाने सुरू होतात. उमेदवार डॉक्टरला खरोखरच बिल दिसत नाही. तो रोग्याला दारापर्यंत पोहोचवितो, हात हलवितो आणि पुढच्या खाटेकडे वळतो. लिफाफा काही आठवड्यांनी दुसऱ्याच गावी एखाद्या स्वयंपाकघराच्या टेबलावर पडतो. तेव्हा बिल न दाखविणे हीच दृष्टिकोनाशी इमानदारी नव्हे काय? होय, आहे. ‘मॅश’ या आधीच्या थोर मालिकेतही बिल नाही. पण तेथे रोगी सैनिक आहेत आणि रुग्णालय सैन्याचे आहे. तेथील अनुपस्थिती हे वास्तवच आहे. ‘स्क्रब्ज’मधील अनुपस्थिती हे वास्तवाचे अर्धे अंग आहे, आणि ते अर्धेपण डॉक्टरच्या अनुभवातच मुरलेले आहे. आपल्या लेखणीच्या एका फटक्याने रोग्याच्या घरावर किती ऋण चढते हे त्या देशातील डॉक्टरला फार थोड्या वेळा ठाऊक असते. मालिका त्याचे अज्ञान जसेच्या तसे दाखविते. पण ते अज्ञान आहे हे दाखवीत नाही. ‘हिज स्टोरी’, ‘हर स्टोरी’, ‘देअर स्टोरी’ अशा नावांच्या भागांत तिने निवेदनाचे सूत्र काही काळ इतरांच्या हाती दिले, अगदी वकील टेडच्याही हाती दिले. बिल तयार करणाऱ्या एखाद्या कारकुनीच्या हाती ते एकदाही गेले नाही.

मालिकेला स्वतःच्या या उणिवेची अंधुक जाणीव होती असे मानण्यास एक आधार आहे. २००५ मधील ‘माय लाइफ इन फोर कॅमेराज’ या भागात रुग्णालयात पैशाची कपात आलेली असते, उपाहारगृहातील एका कामगाराची नोकरी जाणार असते आणि एका रोग्याला फुप्फुसाचा कर्करोग असतो. जे.डी. जुन्या पठडीतील विनोदी मालिकेचे दिवास्वप्न पाहू लागतो. एरवी या मालिकेत प्रेक्षकांच्या हास्याचा आवाज नसतो. येथे तो अचानक ऐकू येतो, प्रकाश भगभगीत होतो, रोग्याचे निदान चुकीचे ठरते आणि कलागुणांच्या स्पर्धेने पैशाचा प्रश्नही सुटतो. मग स्वप्न विरते. कर्करोग कर्करोगच राहतो आणि कपात कपातच. स्वतःच्या कलाप्रकाराची लबाडी स्वतःच उघडी करणारा हा भाग मरण आणि पैसा या दोहोंना एकाच श्वासात स्वप्नाबाहेर ढकलतो. दोन्ही गोष्टींपुढे विनोद हतबल आहे, असे तो म्हणतो. मरणापुढची ती हतबलता मालिकेने पुढेही पुनःपुन्हा तपासली. पैशापुढची तपासली नाही. ती तिने गृहीत धरली.

आणि हे गृहीत धरणेच प्रश्नास्पद आहे. मरण अटळ आहे, बिल अटळ नाही. एक सृष्टीचा नियम आहे, दुसरा माणसांनी केलेला आणि माणसांना बदलता येणारा. नववे पर्व १७ मार्च २०१० रोजी संपले आणि २३ मार्च रोजी, म्हणजे अवघ्या सहा दिवसांनी, अमेरिकेच्या अध्यक्षांनी विम्याचे क्षेत्र विस्तारणाऱ्या कायद्यावर स्वाक्षरी केली. मालिकेने त्या कायद्यासाठी प्रचार करावयास हवा होता असे कोणी म्हणणार नाही. प्रचार हे कलेचे काम नव्हे. पण ज्या व्यवस्थेला तिने हवामानासारखे मानले, तिच्यावर बाहेर त्याच वेळी वाद झडत होता, मते दिली जात होती.

‘स्क्रब्ज’ ही खोटी मालिका नाही. रोग्याच्या उशाशी बसून जे दिसते ते तिने जितक्या प्रामाणिकपणे सांगितले तितके तिच्या प्रकारातील फार थोड्या कृतींनी सांगितले आहे, आणि हसता हसता माणूस मरणाकडे कसा पाहू शकतो हे शिकविणारी कृती म्हणून तिचे स्थान टिकेल. मात्र तिला रुग्णालयाचे वास्तव चित्र म्हणताना एवढे ध्यानात ठेवावे की ते चित्र खाटेपासून दारापर्यंतचे आहे. आर्गां जेथे बसला होता ते टेबल दाराच्या पलीकडे आहे. तेथे आज आजार खरा आहे, आणि बिलही. आणि बिल खाली उतरविण्याचा आर्गांचा अधिकार मात्र कोणापाशी उरलेला नाही. त्या टेबलाशी बसलेल्या माणसाचे प्रहसन लिहिले जाण्याची गरज आहे.